अंडी खाणारा माळकरी

गजाभाऊ भोईर यांच्या गुरूंना मिरची चालत नसे. वांगं चालत नसे, कारण त्यात बिया. वालाचं तर नाव काढलेलंही खपत नसे. भात चाले, पण गुरगुट्या. काकडी चाले, पण सोलून, मधला गाभा काढून आणि दोनच फोडी. आमच्या भागात गुरू पुष्कळ झाले. कुणी दारू सोडवली, कुणी मटण सोडवलं. पण शिष्याकडून काकडीच्या बिया सोडवून घेणारे हे पहिलेच.

पंगतीत वाढपी लालभडक रस्सा घेऊन आला की गजाभाऊ ताटावर आडवा हात धरत, डोळे अर्धे मिटत आणि म्हणत, "गुरूंची आज्ञा नाय." गळ्यात तुळशीची माळ असेच. वाढपी ओशाळून मागे फिरे आणि आतून कुठून तरी त्यांच्यासाठी बिनमिरचीचं वरण पैदा करून आणे. मी शेजारी बसलेला असे. खरं काय ते मला माहीत होतं, त्यामुळे माझाच घास अडकायचा.

खरं असं होतं की गजाभाऊंचे गुरू पनवेलला बसत. मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते एक. नंबर आदल्या दिवशी फोन करून लावावा लागे. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे चार पदव्या होत्या आणि खाली ‘पोट व आतड्यांचे विकार’ असं लिहिलेलं होतं.

गजाभाऊ माझे शेजारी. पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव आणि साजगावच्या एका कारखान्यात दोघांची नोकरी. ते स्टोअरमध्ये, मी मशीनवर. माझ्या बाइकवर मागे बसून ते कामाला येतात, याला आता इतकी वर्षं झाली की मागची सीट त्यांच्या बाजूनं खचली आहे. घरात ते आणि रेखावहिनी. स्वतःचं मूल नाही. बहीण सुमनताई खालापूरच्या बाजूला दिलेली, तिचा नवरा लवकर गेला, म्हणून तिची मुलगी अश्विनी शाळेसाठी मामाकडे आली आणि नोकरीला लागेपर्यंत इथेच राहिली. या आशूच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे गजाभाऊंनी ती पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. माणसाला एखादी हौस असते. गजाभाऊंना ही एकच होती, बाकी सगळ्या हौशी पोटानं खाल्ल्या होत्या.

त्यांच्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, जुलाब होतात, रक्त जातं, माणूस वाळत जातो. मग काही महिने सगळं शांत होतं आणि आता बरं झालं असं वाटायला लागलं की पुन्हा उसळतं. गजाभाऊ त्याला ‘कोलायटी’ म्हणतात. "कोलायटी आज गप हाय," असं ते म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात एखादी भांडखोर चुलती राहायला आलेली आहे.

या चुलतीपायी त्यांना अनेक विद्या अवगत झाल्या. कर्जतपासून चौक गावापर्यंतच्या पट्ट्यात कुठल्या पेट्रोल पंपाच्या संडासाला आतून कडी आहे, कुठल्या ढाब्याचा मालक न जेवताही आत जाऊ देतो, कुठल्या शाळेचा शिपाई सुट्टीतही किल्ली देतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. पत्ता विचारणाऱ्याला ते याच खुणांनी वाट सांगतात. "पक्या, जरा थांब रं," असं मागून ऐकू आलं की मी कुठे थांबायचं ते विचारत नाही, ब्रेक लावतो.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांनी परीक्षा मंडळच काढलं होतं. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि तोही तीन दिवस. पपई पास झाली. लाल भोपळा पहिल्या वर्गात पास झाला. मक्याचं कणीस पहिल्या तासालाच नापास. फणसाला त्यांनी पेपरला बसूच दिलं नाही. पोट शांत असलं की डॉक्टर म्हणत, आता जरा सगळं खाऊन बघा, उगाच उपाशी राहू नका, तुमचं वजन बघा. पण एकदा नापास केलेल्याला पुन्हा बसवायला गजाभाऊ तयार नसत. शिवाय गोळ्या. फोलिक अॅसिड वेगळं, कॅल्शियम वेगळं, लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही म्हणून तिसरीच वेळ. त्या प्रत्येकीसाठी मोबाइलला कोंबड्याच्या आवाजाचा गजर लावलेला. स्टोअरमध्ये दिवसभर कोंबडे आरवत. ‘भोइरांचं पोल्ट्री फार्म’ हे नाव मीच पाडलं, आणि ते चिकटलं याचा मला फार अभिमान होता.

माळेची गोष्ट अशी. सुरुवातीला गजाभाऊंनी लोकांना खरं सांगून पाहिलं होतं. "आतड्याला सूज हाय, तिखट चालत नाय," असं ते सांगत. आता आमच्याकडे आजाराचं नाव काढणं म्हणजे औषधांची सभा भरवणं. एकानं कुड्याची साल सांगितली, एकीनं बेलफळाचा मुरंबा आणून दिला, एका म्हाताऱ्यानं पोट चोळून "गोळा सरकलाय" असं निदान केलं. खाऊ मात्र सगळे घालतच होते. पाहुण्याच्या ताटात वाढलं नाही तर यजमानाचं नाक कापलं जातं, मग पाहुण्याच्या आतड्याचं काही का होईना. एका जावळाच्या जेवणात घरधन्यानं त्यांचा हात धरला, "गजाभाऊ, एक तुकडा खा. काय होत नाय." गजाभाऊंनी त्याचा मान ठेवला. त्या मानापायी नऊ दिवस दवाखान्यात पडून राहिले आणि दोन बाटल्या रक्त चढलं.

दवाखान्यातून आले ते माळ घालूनच. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "डॉक्टरचा कागद दावला तर कोण वाचत नाय, पक्या. माळ सगल्यांना वाचता येते."

आणि आलीच वाचता. माळ बघितल्यावर मटणाचा आग्रह करणारे हात आपोआप जोडले जाऊ लागले. पण माळकऱ्यांसाठी जे वेगळं पातेलं चढतं त्यात आमच्याकडे वालाचं बिरडं असतं, आणि मटण नाही याची कसर आचारी मिरचीत भरून काढतो. मटणातून सुटलेले गजाभाऊ वालात सापडले. तेव्हा त्यांना गुरू करणं भाग पडलं. पनवेलचे डॉक्टर जे जे टाळा म्हणाले होते, आणि गजाभाऊंच्या परीक्षा मंडळानं जे जे नापास केलं होतं, ते सगळं गुरूंच्या नावावर चढलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण गुरूंना भक्त मिळायला लागले. खालच्या आळीतल्या दोन बायकांनी गुरूंचं ऐकून मिरची आणि वांगं सोडलं. त्यातल्या एकीची छातीतली जळजळ थांबली. मग काय, लोक गुरूंचा मठ कुठे, दर्शनाला कधी यायचं, नवस बोलला तर चालतो का, असं विचारत गजाभाऊंच्या ओट्यावर येऊ लागले. गजाभाऊ घाम पुसत म्हणत, "गुरू मौनात हायेत." पनवेलचे ते डॉक्टर इतके बडबडे होते की दर वेळी नंबर तासभर लांबायचा.

खरी गंमत पुढे झाली. गजाभाऊंच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर बी-बारा तळाला गेलेलं आणि डी व्हिटॅमिन त्याच्या शेजारी. डॉक्टरांनी विचारलं, "मांसाहार बंद केलात का? कधीपासून?" गजाभाऊंनी माळेची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. बी-बाराची इंजेक्शनं लिहून दिली आणि वर सांगितलं, अंडी खा, मासे खा, उन्हात बसा. म्हणजे गुरूंनीच शिष्याला बाटवलं.

ऊन सोपं होतं. रविवारी गजाभाऊ पळसदरीच्या धरणाच्या भिंतीवर शर्ट काढून, मांडी घालून सूर्याकडे तोंड करून बसू लागले. तिथे मुंबई-पुण्याचे लोक सहलीला येतात. उघडं अंग, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी काया आणि गळ्यात माळ, हे बघून एका बाईंनी त्यांच्यासमोर चक्क दोन केळी ठेवली आणि नमस्कार केला. केळं परीक्षेत पास होतं, त्यामुळे त्यांनी आशीर्वाद दिला.

अंडी अवघड होती. घरी उकडावीत तर शेजारीपाजारी वास जाणार. एकदा माझी बाइक पंक्चर झाली म्हणून चौकच्या एका गॅरेजमध्ये शिरलो, तर आत उभ्या केलेल्या टेंपोच्या आडोशाला गजाभाऊ उकिडवे बसून उकडलेलं अंडं सोलत होते. माळ त्यांनी काढून शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि खिशाचं बटण लावलं होतं. मला बघून दचकले. मग हळूच म्हणाले, "पक्या, औषधाची हायेत रं ही. बी-बारा कमी हाय माजा. कोणाला बोलू नको."

मी बोललो नाही. निदान तीन महिने बोललो नाही. माझ्या मानानं हे पुष्कळ झालं.

दरम्यान आशूचं लग्न ठरलं. मुलाकडचे खालापूरच्या बाजूचे, घरात तीन पिढ्यांची माळ. मुलीचा मामाही माळकरी, तोही गुरू केलेला, हे कळल्यावर त्यांना फारच आनंद झाला. मुलाचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत, साखरपुड्याच्या पंगतीत मुद्दाम गजाभाऊंच्या शेजारी बसले. म्हणाले, "पाव्हणं, तुमचं गुरू कंच्या परंपरेतलं?"

गजाभाऊंचा चेहरा उतरला. "पनवेलचं," ते म्हणाले.

खरं तर मी तेव्हा जिलबी खायला हवी होती. पण पंगत भरलेली, सगळ्यांचे कान टवकारलेले, आणि एवढा विनोद वाया जातोय हे मला सोसवेना. मी म्हणालो, "आबा, यांचे गुरू लई दयाळू. चौकच्या गॅरेजात टेंपोच्या मागं बसून दोन उकडलेली अंडी खाल्ली तरी त्यांना चालतं."

लोक हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. आबांनी गजाभाऊंच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि भरल्या ताटावरून उठले.

दोन दिवसांनी निरोप आला. लग्न मोडायचं नाही, पोरगी चांगली आहे. पण माळेशी खोटं वागणारा माणूस मुलीच्या पाठीशी उभा राहायला नको. चुलत मामा आहेत, त्यांतला कुणी उभा करा.

सुमनताई भावावर चिडली. गजाभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे येऊन बाइकवर मागे बसले. खोपोली जवळ आल्यावर मागून म्हणाले, "तुला सांगितलं व्हतं ना रं पक्या, औषधाची हायेत म्हणून." आवाजात राग नव्हता. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दिवसभर मशीनवर माझं लक्ष लागलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या आजारावर पोट भरून हसलो होतो आणि ते माझ्याच मागे बसून, पोटाला हात लावून, रोज कामावर येत होते.

संध्याकाळी मी गजाभाऊंच्या ओट्यावर होतो, तेव्हा आशू आली. तिनं सरळ विचारलं, "मामा, तू त्यांना खरं का नाय सांगत?"

"नको गं. घराण्यात आजार हाय बोलतील. तुज्या अंगावर येईल. मला खोटारडा बोलू दे, माजं काय जातंय?"

"खोटारड्याची भाची म्हणून नांदू मी? त्यापरीस आजाऱ्याची म्हणू देत," आशू म्हणाली. "आणि माज्या पाठीशी तूच उभा राहणार. चुलत मामाला मी वळकत पण नाय."

रविवारी गजाभाऊ तपासण्यांची जाड फाइल काखेत मारून निघाले. मला म्हणाले, "चल, बाइक काढ." गुन्हेगार मी होतो, त्यामुळे काढली.

आबा ओसरीवर बसले होते. गजाभाऊंनी आधी माळ काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "ही मी पोटासाठी घातली व्हती, आबा. देवासाठी नाय. चुकी झाली." मग फाइल उघडली, पण आबांना वाचता येण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, म्हणून तोंडानंच सांगत गेले. रक्त, नऊ दिवसांचा दवाखाना, बी-बारा, अंडी, सगळं. कुणाला नाही सांगितलं ते त्या परक्या ओसरीवर बसून सांगितलं. मीही त्यातलं अर्धंअधिक पहिल्यांदाच ऐकत होतो.

आबांनी माळ उचलली, मण्यांवर बोट फिरवलं. मग विचारलं, "दिवसाला किती वेला जावं लागतं?"

"वाईट दिवस असला तर बारा-पंधरा वेला."

"मग उभं कसं राहणार तुमी? मुहूर्ताला आमच्याकडं अर्धा तास धरायचा. मधीच निघून जाता येणार नाय."

"राहीन," गजाभाऊ म्हणाले.

"बगा," आबा म्हणाले. "राहणार असाल तर तुमीच राहा. ही माळ माज्यापाशी ठेवतो. देवासाठी घालावीशी वाटंल तवा न्यायला या." आतून त्यांची म्हातारी बाहेर आली आणि तिनं पनवेलच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला, तिलाही जळजळ होत होती. गजाभाऊंनी या वेळी तो नीट सांगितला.

त्या दिवसापासून गजाभाऊंना दुसरं काही सुचेना. लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी मांडवाची पाहणी केली. बोहल्यापासून शेजारच्या शाळेच्या संडासापर्यंत त्रेसष्ट पावलं भरली. शाळेच्या शिपायाकडून किल्ली आणली आणि ती माझ्या ताब्यात दिली. "तू समोरच उभा राहा रं," म्हणाले. "मी बगितलं तुज्याकडं की पळायचं नि दार उघडायचं." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं जबाबदारीचं काम.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा. वरात बँडपुढे नाचत नाचत आली ती सव्वाला. गजाभाऊंनी आशूला मांडवात आणलं, बोहल्यावर उभं केलं आणि स्वतः मागे उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. गुरुजींची मंगलाष्टकं झाली. मग मुलाच्या आत्याचं एक झालं. मग एका मास्तरांनी स्वतः रचलेलं आणलं होतं, त्यात दोन्ही घराण्यांतल्या सगळ्यांची नावं होती. मग माइक आणखी एका काकूंकडे गेला. आमच्याकडे ज्याला गाता येत नाही त्याला मंगलाष्टक म्हटल्याशिवाय राहवत नाही. मी घट्ट किल्ली धरून उभा. गजाभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ मिटलेले, एक हात आशूच्या खांद्याच्या मागे. पण त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

रेखावहिनी माझ्या बाजूला उभ्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, भाऊंचं आज बरं दिसतंय. इतका वेळ तग धरला."

"परवापासून निस्ती पेज घेतलीय त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "काल तर ती पण नाय. मीठसाखरेचं पाणी तेवडं. आतच काय नसलं तर भायेर काय येणार, असं बोलतात." आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मला तिथे उभं राहवेना. पण मी जागा सोडली नाही, कारण ते दोन दिवसांचे उपाशी उभे होते.

शेवटच्या अक्षता पडल्या, हार घातले गेले, बँड वाजायला लागला. मगच गजाभाऊ बोहल्यावरून उतरले आणि पहिल्या खुर्चीत बसले. मी धावलो. "भाऊ, दार उघडू?" त्यांनी मानेनंच नको म्हटलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आशू आली. मागे नवरा, त्याच्या मागे फोटोग्राफर ओरडतोय. नव्या सासरची सगळी माणसं, आबा, आत्या, मास्तर, सगळे चार हातांवर. आणि आशूनं त्या सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "मामा, पोट कसं हाय?"

आजाराच्या आठ वर्षांत चारचौघांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गजाभाऊंनी सवयीनं इकडेतिकडे बघितलं. कुणी दचकलं नव्हतं. आबा कुणाला तरी पंखा इकडे वळवायला सांगत होते.

"बरं हाय गं," गजाभाऊ म्हणाले. मग लहान मुलानं सांगावं तसं म्हणाले, "भूक लागलीय."

आबांनी सकाळीच आचाऱ्याला फोन करून त्यांच्यापुरता मऊ भात आणि बिनमिरचीचं वरण वेगळं करायला लावलं होतं. ताट आलं. तिकडे नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवायचा म्हणून बायका खोळंबल्या होत्या, हाका मारत होत्या. आशूनं शालू सावरला, मामासमोर खाली बसली, वरणभात कालवला आणि पहिला घास त्यांच्या तोंडात दिला.